सप्ताहाच्या मांडवात वही उघडताना: धर्माचं मानवशास्त्र, माध्यमं आणि बीड जिल्हा

विषय नेमका काय

गावात देवीपुढे नारळ फुटतो तेव्हा तीन तऱ्हांचे प्रश्न विचारता येतात. देवी नवसाला पावते का, हा भक्ताचा प्रश्न. यात खरं किती, खोटं किती, हा चिकित्सकाचा. नारळ कोणाच्या घरून आला, फोडला कोणी, प्रसादाची पहिली वाटी कोणाच्या हातात पडली आणि त्या वेळी कोण पायरीच्या आत होतं, कोण बाहेर, हे विचारणारा तो धर्माचा मानवशास्त्रज्ञ. त्याची स्वतःची श्रद्धा असली तरी चालतं, नसली तरी चालतं. लोक जे करतात ते कसं करतात, कोणाबरोबर करतात आणि करताना त्याचा काय अर्थ लावतात, एवढंच त्याला नीट पाहायचं असतं.

या अभ्यासाला माध्यमांची जोड दिली की प्रश्न आणखी वाढतात. नारळ फुटताना मोबाईल कोणी वर धरला? ती क्लिप कोणत्या ग्रुपवर गेली? पुण्याजवळ चाकणच्या कंपनीत काम करणाऱ्या भावाने ती पाहिली आणि घरी फोन करून 'यंदा आपली पट्टी का नाही दिली' असं विचारलं, तर तो फोनही त्या विधीचाच भाग झाला. पूर्वी पट्टीचा, म्हणजे वर्गणीचा, हिशेब पारावर व्हायचा, आता तो स्क्रीनवर होतो.

बीड जिल्ह्यात या अभ्यासासाठी लांब जावं लागत नाही. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात परळीचं वैजनाथ आहे आणि अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. ही देवी कोकणस्थ ब्राह्मणांची कुलदैवता असल्याने तिच्या मार्गशीर्षातल्या उत्सवाला समुद्रकाठची आडनावंही दिसतात. बीड शहरात कंकालेश्वर आणि शहेनशाह वलींचा दर्गा आहे. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथे वीरशैव भाविकांची यात्रा भरते. गोदावरीकाठी राक्षसभुवनला शनीचं ठाणं आहे, पांचाळेश्वरला महानुभावांचं आत्मतीर्थ आहे. नारायणगड आणि गहिनीनाथगड आहेत, आणि जिल्ह्याच्या सीमेला लागून भगवानगड. इथे शिक्षक, पत्रकार, आरोग्यसेविका, पोलीस पाटील, संस्थेचा कार्यकर्ता, कोणीही लोकांत काम करतो म्हणजे रोज धर्माशी व्यवहार करतोच. तो व्यवहार डोळे उघडे ठेवून करायला शिकणं, हा माझ्या मते या जिल्ह्यातल्या माणसासाठी व्यवसायातला सगळ्यात उपयोगाचा अभ्यास आहे.

सप्ताहाचा मांडव

सुरुवात अखंड हरिनाम सप्ताहापासून करावी. जिल्ह्यात सप्ताह नसलेलं गाव शोधावं लागेल. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन किंवा प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. पाहुणा म्हणून गेलेल्याला यातलं रात्रीचं कीर्तन तेवढं दिसतं. अभ्यासाला गेलेल्याने वीणा पाहावी.

सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि त्या क्षणी दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा हिशेब तिथे नसतो, साठीचा माणूसही विशीतल्या पोराच्या पाया पडतो. पहाऱ्याची यादी मांडवाच्या खांबाला लावलेली असते. ती उतरवून घ्यावी. रात्री दोन ते चारचा पहारा कोणाच्या वाट्याला आला, सकाळी आठचा कोणाच्या, कोणत्या आडनावाला यादीत जागाच नाही, हे त्या कागदावर असतं आणि भाषणात कधीच नसतं.

दुसरा कागद म्हणजे सप्ताहाची पत्रिका. तिच्यावर कीर्तनकारांची नावं असतात, मृदंगाचार्य, गायक, अन्नदाते, मांडववाले, साउंडवाले असतात. एकाच गावाच्या दहा वर्षांच्या पत्रिका मिळाल्या तर त्या जमिनीवर ओळीने मांडाव्यात. अन्नदात्यांच्या यादीत एखादा ऊसतोडीचा मुकादम कधी शिरला, माहेरवाशिणींच्या नावाची पंगत कोणत्या वर्षी सुरू झाली, 'थेट प्रक्षेपण' हा शब्द पत्रिकेवर पहिल्यांदा कधी छापला गेला, असा गावाचा दहा वर्षांचा इतिहास अर्ध्या तासात समोर येतो. वेशीवरचा फ्लेक्स म्हणजे त्याच पत्रिकेची मोठी आवृत्ती. त्यावर कोणाचा फोटो केवढा आणि कोणाच्या शेजारी, यावरून गावात रुसवे होतात. फ्लेक्स करून देणाऱ्या पोराशी चहा घेतला तर गावाचं राजकारण तो सरपंचापेक्षा चांगलं सांगतो.

भगवानगडाच्या परंपरेत फिरता नारळी सप्ताह आहे. दरवर्षी तो वेगळ्या गावात होतो आणि सांगतेला पुढच्या वर्षीच्या गावाला नारळ दिला जातो. नारळ मिळालेलं गाव वर्षभर तयारीत असतं. एका नारळाने गावं कशी जोडली जातात, हे नकाशावर काढून पाहण्यासारखं आहे.

अशा एका मांडवात मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन बसलो तेव्हा तीन रात्री फक्त कीर्तन नोंदवलं. चौथ्या दिवशी स्वयंपाकाच्या बाजूला गेलो. तिथे पीठ मळता मळता एक म्हातारी म्हणाली, "हे समदं तू कुणाला दावणार हाईस?" मला उत्तर देता आलं नाही. तीन दिवस मांडवाच्या पुढच्या बाजूलाच बसून राहिलो आणि सप्ताह ज्यांच्या हातांवर चालतो त्या बायकांपर्यंत पोचलोच नाही, हे तेव्हा कळलं. तिच्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

म्हाइंभटाची पद्धत

मानवशास्त्र हा परक्यांचा विषय, मालिनोव्स्की नावाच्या माणसाने दूरच्या बेटावर राहून तो उभा केला, असं पाठ्यपुस्तकात वाचायला मिळतं. ते आपल्या जागी बरोबर आहे. पण माणसांकडे जाऊन, त्यांनी पाहिलेलं-ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं, हे काम मराठीत तेराव्या शतकाच्या अखेरीस झालेलं आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटाने त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला असेल तर महानुभावांच्या परंपरेने दोन्ही पाठ सांगणाऱ्याच्या नावासह जपले. आजच्या वार्ताहराला हे एवढं जरी जमलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

पुढे 'स्थानपोथी' आली. स्वामी कुठे थांबले, देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, नदी कोणत्या अंगाला, अशा नोंदींची ती पोथी आहे. पांचाळेश्वरच्या घाटावर उभं राहून आपण स्वतः अशी एक नोंद करून पाहावी. फोटो न काढता, केवळ शब्दांत. दहा ओळी लिहितानाच लक्षात येतं की आपण पाहत नव्हतो, आपण फक्त तिथे होतो.

पासोडी, ताम्रपट, मोबाईल

माध्यम म्हटलं की आपल्याला टीव्ही आणि यूट्यूब आठवतात. बीड जिल्ह्यात माध्यमांची रांग फार मागून सुरू होते. माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. तिथे सापडलेला यादव राजा रामचंद्राचा ताम्रपट १३१० सालचा. राजाने दिलेलं दान तांब्यावर कोरलं की ते टिकतं, दाखवता येतं, वादात पुरावा होतं. त्याच गावात आज अधिक महिन्यात यात्रा भरते आणि भाविक पुरुषोत्तमाला धोंडे वाहतात. तीन वर्षांतून एकदा येणारी ही यात्रा, २०२३ मध्ये अधिक श्रावणात भरलेली, आता हजारो मोबाईलमध्ये नोंदली जाते. तांब्याचा पत्रा सातशे वर्षं टिकला. त्या यात्रेचे व्हिडिओ फोनची मेमरी भरली की पुसले जातात. नोंद वाढली म्हणून जपणूक वाढली असं होत नाही, हे या एका गावात कळतं.

अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेने त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानला जातो. तिथेच सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दासोपंतांची पासोडी जपलेली आहे: सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणाचा वेदान्तविषय हाताने लिहिलेला. पोथी एका वेळी एकाला वाचता येते, पासोडी पसरली की घोळका भोवती बसू शकतो. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार करून माध्यम निवडलं, याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही. माध्यमाच्या विद्यार्थ्यांची पहिली सहल स्टुडिओत न नेता अंबाजोगाईला न्यावी.

त्यानंतरची पायरी भोंग्याची. भोंग्यामुळे कीर्तन मांडवाबाहेर शेतात पोचलं आणि त्याचबरोबर आवाज किती, कोणाच्या प्रार्थनेच्या वेळी, हा वादही आला. मग कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड. आता रात्री अकराला संपलेलं कीर्तन साडेअकराला तुकड्या-तुकड्यांत फिरू लागतं. दोन तासांच्या निरूपणातला हशा तेवढा कापून पुढे जातो. कीर्तनकारालाही ते ठाऊक असतं, म्हणून काही जण कापता येईल असं बोलतात. मांडवातल्या श्रोत्याबरोबरच मांडवात नसलेल्या श्रोत्यासाठीही कीर्तन रचलं जातं, आणि त्यामुळे निरूपण आखडतं होतं. याची नोंद आत्ताच व्हायला हवी, कारण हा बदल आपल्या डोळ्यांसमोर घडतो आहे.

भीमनगरच्या ओव्या

या सगळ्या विषयाचं बीड जिल्ह्यातलं सगळ्यात मोलाचं काम माजलगावात झालं आहे. समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हा संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. त्यांच्याबरोबर काम करणारे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी गायलेल्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या.

या ओव्यांचा विषय होता बाबासाहेब, रमाई, बुद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा माणसांनी देव सोडले, हे आपण वाचतो. पण पहाटे जातं ओढताना तोंडात येणारी लय कशी सोडायची? बायकांनी ती सोडली नाही. पहिली ओवी देवाला वाहायची ही जुनी रीत त्यांनी ठेवली आणि ती ओवी बुद्धाला, भीमाला वाहिली. धर्मांतर म्हणजे जुनं टाकणं आणि नवं घेणं, अशा सरळ चित्रापेक्षा हे कितीतरी खोल आहे. चाल आजीची, शब्द नातीचे. कोणत्याही ग्रंथात हे लिहिलेलं नव्हतं, ते जात्यावरच सापडू शकत होतं.

त्यातही वेळ महत्त्वाची. विजेची गिरणी आली आणि घरचं जातं कोपऱ्यात गेलं. काम थांबलं की कामाचं गाणंही थांबतं. बायकांच्या तोंडी ओव्या होत्या पण म्हणायला निमित्त उरलं नव्हतं, अशा वेळी रेकॉर्डर पोचला. पुढे हा संग्रह पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाकडे आला. २०१७ मध्ये त्यांची माणसं पुन्हा माजलगावात गेली, गाणाऱ्या बायकांना भेटली, मधल्या एकवीस वर्षांत काय झालं ते विचारलं. घेतलेली वस्तू देणाऱ्याच्या दारात परत नेली, यासाठी या कामाचं मला विशेष वाटतं. आज कोणीही त्या ओव्या शब्दांसह ऐकू शकतो.

चालून पाहिलेली माणसं

या विषयात वाचायचं तर आधी इरावती कर्वे वाचाव्यात. 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा त्यांचा लेख म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालून केलेलं निरीक्षण आहे. एकाच वाटेवर चालणाऱ्या दिंड्या जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिलं, त्याचा त्रास करून घेतला, आणि तरी वारीतला आनंद नाकारला नाही. १९६२ मध्ये या लेखाचं इंग्रजी रूप प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या यात्रांवर लिहिणाऱ्या व्हिक्टर टर्नरसारख्या अभ्यासकाने त्याचा आधार घेतला. यात्रेत माणसं आपापला दर्जा विसरून एक होतात, असं टर्नरचं म्हणणं. कर्व्यांच्या नोंदी त्या म्हणण्याला तिथल्या तिथे अडवतात. दि. बा. मोकाशींची 'पालखी' १९६४ ची. तिच्यात सिद्धान्त नाही, पण वारकऱ्याच्या पिशवीत काय-काय असतं ते आहे, आणि नवशिक्याला त्याचीच गरज जास्त.

रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय'ने देवाचा माग गवळी-धनगरांपर्यंत कसा काढायचा ते दाखवलं. जर्मनीहून आलेले गुंथर सोंथायमर मराठी शिकले, धनगरांबरोबर राहिले, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावर लिहिलं आणि हेनिंग स्टेगम्युलर यांच्याबरोबर जेजुरीच्या खंडोबावर चित्रपटही केला. पुस्तकात न मावणारी गोष्ट, म्हणजे अंगात येणं, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा, कोटंब्याभोवतीची माणसं, ती पडद्यावर येते. कोणती गोष्ट लिहायची आणि कोणती चित्रित करायची, हा निर्णय घ्यायला शिकणं हेच दोन्ही विषय एकत्र शिकण्याचं कारण.

कोणाच्या कामाला येतं

आरोग्यसेवेतलं उदाहरण आधी घेतो, कारण तिथे चूक झाली तर जीव जातो. ज्या रोगाला इंग्रजीत स्मॉलपॉक्स म्हणतात, त्याला मराठीत देवी म्हणतात. सरकारने निर्मूलनाची मोहीम चालवली तेव्हा भिंतीभिंतीवरच्या घोषणांत रोगाचं नाव देवीच होतं, आणि रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होतं. लोकांच्या शब्दाशी भांडण न करता काम झालं आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. आजही तापाने फणफणलेलं लेकरू आधी देवस्थानाकडे नेलं जातं. त्याच्या आईला ओरडणारी सेविका पुढच्या वेळी त्या घरात शिरू शकत नाही. 'अंगारा लावा, आणि गोळीही द्या' असं म्हणणारी शिरते.

कायद्याच्या क्षेत्रातही हीच नजर लागते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना हात लावत नाही, तसं त्यात लिहिलेलं आहे. दैवी शक्तीच्या नावाने मारणं, फसवणं, छळणं याला तो हात घालतो. ही रेघ पोलीस ठाण्यात, शाळेत आणि बातमीत ओळखता आली पाहिजे. ती न ओळखता लिहिलेली एक बातमी गावातल्या भाविकालाही दुखावते आणि भोंदूलाही वाचवते.

शिक्षकाला वर्गातल्या मुलांची गैरहजेरी कळते: दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली टोळी कारखान्यावर कोणता सण कसा साजरा करते, हे परत आल्यावर त्याच मुलांना लिहायला सांगितलं तर वर्ग बोलका होतो.

दसऱ्याचे दोन मेळावे

पत्रकारासाठी मात्र खास धडा दसऱ्याचा. १२ ऑक्टोबर २०२४ ला जिल्ह्यात एकाच दिवशी दोन मोठे मेळावे झाले. पाटोदा तालुक्यात, भगवानगड उभारणाऱ्या भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाटला भाजप नेत्या पंकजा मुंडे यांचा, आणि नारायणगडावर मराठा आरक्षणाचं आंदोलन करणारे मनोज जरांगे पाटील यांचा. पडद्याचे दोन भाग करून वाहिन्यांनी दोन्ही एकत्र दाखवले. कोणाची गर्दी मोठी, हा दिवसभराचा प्रश्न झाला. दोन्ही ठिकाणी देवाचं दर्शन घेऊनच माणूस सभेला बसत होता, हे पडद्यावर क्षणभर दिसलं असेल.

मंचासमोर कॅमेरा लावला की भाषण मिळतं. वाहनतळावर उभं राहिलं की मेळावा मिळतो. गाडी कोणत्या गावची, भाडं वर्गणीतून की कोणी दिलं, भाकरी घरून बांधून आणली का, कारखान्यावर निघण्यापूर्वीचा हा शेवटचा थांबा आहे का, बायका किती आणि त्या मागे की पुढे. आरक्षणाच्या प्रश्नावरून गावागावांत ताण असलेल्या काळात एक चुकीचा मथळा शेजाऱ्यांत भांडण लावू शकतो. 'भाविकांचा महापूर' किंवा 'जनसागर' लिहिण्याऐवजी ट्रॅक्टर मोजावेत. मोजलेला आकडा कोणालाच चिडवत नाही.

शिकायचं कुठे

औपचारिक शिक्षणाच्या वाटा थोडक्यात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा विभाग आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आणि पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूट आहे. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं दूरस्थ एम.ए. मानवशास्त्र आहे. धर्म आणि माध्यमं असा जोडविषय एका छताखाली हवा म्हणून थांबू नये. एक पदवी घ्यावी आणि दुसरा विषय वर्षभर एकाच गावात बसून शिकावा. मी तर म्हणेन, सलग तीन वर्षं त्याच सप्ताहाला जावं. पहिल्या वर्षी तुम्ही पाहुणे असता, दुसऱ्या वर्षी तुम्हाला पहारा देतात, तिसऱ्या वर्षी भांडणं तुमच्यासमोर होऊ लागतात.

वहीचे नियम

नोंद त्याच रात्री लिहावी. सकाळपर्यंत आपलं मन प्रसंग नीटनेटका करून टाकतं. पाहिलेलं डाव्या पानावर, आपल्याला काय वाटलं ते उजव्या पानावर. दोन्ही एकत्र झालं की बातमीचा मतलेख होतो.

चित्रीकरणाआधी विचारावं, आणि विचारताना ते कुठे जाणार हे सांगावं. अंगात आलेल्या बाईचा चेहरा तिच्या होकाराशिवाय दाखवू नये. त्या वेळचा होकार पुरेसा नसतो, दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा विचारावं. लहान मुलांचं चित्रण आईबापांसमोरच. नवस, आजार, घरातलं भांडण यातलं जे विश्वासाने सांगितलं गेलं, ते नाव-गाव काढूनच लिहावं, आणि तरी ओळख पटत असेल तर लिहूच नये.

आता त्या म्हातारीचा प्रश्न. पुढच्या वर्षी मी त्याच गावात पेनड्राइव्ह घेऊन गेलो. मंदिराच्या खोलीतल्या टीव्हीला तो लावला आणि आधी कीर्तन न लावता पीठ मळतानाचं चित्रण लावलं. बायका दारात जमल्या. स्वतःचे हात पडद्यावर पाहून त्या हसल्या. मग एकीने मला थांबवलं आणि सांगितलं की, त्या दिवशीच्या भाकऱ्या आमच्या आळीच्या नव्हत्या, खालच्या आळीच्या होत्या, तू पडद्यावरची पाटी उलटी लिहिलीस. मी खिशातून पेन काढला आणि तिथेच वहीत ती दुरुस्त केली.